काहून मेलं वं आजी?

परवा अकोल्याहून भाचीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, उन्हाचं झालं, लोणच्याच्या कैऱ्यांचा भाव झाला. मग मध्येच म्हणाली, "आणि हो आत्या, मांजरीची चार पिल्लं होती ना, त्यातली तीन गेली. मांजरीचे पिल्लं असेच जातेत, काय करता!" आणि पुन्हा कैऱ्यांवर आली.

फोन ठेवला आणि मला राग आला. तिच्यावर थोडा, माझ्यावर जास्त. कारण हेच वाक्य मागच्या उन्हाळ्यात माझ्या तोंडून गेलं होतं. अगदी शब्दाला शब्द.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं (त्यातली काही हा ब्लॉग वाचतात, त्यांना आशीर्वाद!) सांगतील की 'कारणे द्या' हा माझा आवडता प्रश्न. पेशवाई का बुडाली? तर कुणीतरी लिहायचं, 'कारण ती बुडायचीच होती.' त्याला मी लाल पेनाने भोपळा द्यायची. मग "पिल्लं का मेली?" याला "अशीच जातात" हे उत्तर लिहिणाऱ्या बाईंना किती गुण द्यायचे? तुम्हीच सांगा.

मागच्या उन्हाळ्यात काय झालं ते आधी सांगते, म्हणजे मी कुणावर का चिडले ते कळेल.

आमच्या मनीने मागच्या पत्र्याच्या खोलीत चार पिल्लं घातली. मे महिना, अमरावतीचं ऊन, पारा पंचेचाळीसवर. पत्रा असा तापलेला की पापड भाजावा. मला राहवलं नाही. मी खोक्यात जुनं लुगडं घातलं आणि ते खोकं पिल्लांसकट बैठकीत कूलरसमोर आणून ठेवलं. मनीही मागोमाग आली. मला वाटलं, चला, पुण्य पदरात पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू बाकीच्यांपासून वेगळं पडलेलं. दूध ओढत नव्हतं, बारीक चिरकत होतं. हातात घेतलं तर गार लागलं. मी गाईचं दूध कोमट केलं, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि ड्रॉपरने तोंडात सोडलं. दोन थेंब गेले असतील, दूध नाकातून बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत पिल्लू गेलं.

वरच्या भाडेकरूंची सहा वर्षांची मुलगी शेजारी बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, "काहून मेलं वं आजी?"

मी म्हटलं, "मांजरीची पिल्लं अशीच जातात, बेटा."

त्याच आठवड्यात दुसऱ्याचे डोळे चिकटले. "डोळे आलेत, जातील," असं म्हणत मी चार दिवस काढले. तेही गेलं. तिसऱ्याचेही डोळे चिकटायला लागले तेव्हा कुठे ह्यांनी मला स्कूटरवर बसवून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला रागावलं नाही, नुसते प्रश्न विचारले. वजन किती होतं? वाढत होतं का? खोकं कुठे होतं? दूध कोणतं पाजलं, कसं धरून पाजलं? एकाही प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि जी होती ती सांगताना लाज वाटत होती. दोन पिल्लं वाचली. त्यातल्या एकाचा डावा डोळा कायमचा दुधाळ झाला. आत्ता हे टाइप करताना ती बया की-बोर्डवर पाय देतेय.

पहिलं पिल्लू पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गारठलं होतं. हो, गारठलं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. कूलरच्या ओल्या वाऱ्यात आपल्याला बरं वाटतं, शंभर ग्रॅमच्या जिवाचं अंग मात्र निवत जातं. अंग गार पडलं की आतड्यांचं काम मंदावतं, पोटात गेलेलं दूध पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवायची आणि हळूहळू अंग तापू द्यायचं. आणि पाजताना पिल्लू पालथंच हवं, जसं आईला लुचताना असतं तसं. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. तिसऱ्या दिवशीचं पिल्लू माझ्या मायेने मेलं, मंडळी. माया कमी नव्हती, नजर नव्हती. म्हणून "आम्ही काय कमी जीव लावला का?" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. जीव लावणं आणि बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता 'अशीच' या शब्दाच्या पोटात काय काय दडलंय ते एकेक करून सांगते. मी डॉक्टर नाही. हे सगळं त्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून शिकले आहे. उपचार त्यांनीच करायचे, पण ओळखायचं आपणच, कारण पिल्लू आपल्या घरात आहे, त्यांच्या घरात नाही.

सगळ्यांत आधी वजन. जन्माला येतं तेव्हा पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं. रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवं, आठ-दहा दिवसांत दुप्पट. ज्या दिवशी वाढलं नाही तो धोक्याचा दिवस, आणि घटलं तर दवाखान्याचा. दिसायला ते छान गुबगुबीत दिसेल, आईजवळ झोपलेलं असेल, पण काटा खोटं बोलत नाही. दिवाळीच्या फराळाचं मैदा-साखर मोजायला आपण घराघरांत काटे आणलेत. त्यावर वाटी ठेवून पिल्लू मोजायला एक मिनिट लागतं. वहीत आकडा लिहायचा. आम्ही शाळेत पोरांची वजनं-उंच्या लिहायचो की नाही?

मग ते बशीतलं दूध! मांजर आणि बशीतलं दूध हे चित्र आपण अंकलिपीपासून डोक्यात घेऊन बसलोय. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतात. गाईच्या दुधात ती कमी, आणि त्या मानाने साखर जास्त. ते प्यायलं की पिल्लाला जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी एका दिवसात संपतं. हिरड्यांना बोट लावलं तर त्या ओलसर लागायला हव्यात. चिकट, कोरड्या लागल्या तर वाट बघू नका. आई नसेल तर मांजरीच्या पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते, ती आणा. आणि तीन आठवड्यांच्या आतलं अनाथ पिल्लू आपणहून शी-शू करत नाही, आई चाटते म्हणून ते होतं. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आपण पुसायचं. हे ठाऊक नसल्यामुळे पोट फुगून किती पिल्लं गेली असतील कोण जाणे.

डोळे. पिल्लाचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. त्याआधी बंद पापणी फुगलेली दिसली किंवा कोपऱ्यातून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. आत पू साचून डोळा जातो. डोळे उघडल्यावर चिकटणं, शिंका, नाक वाहणं हा बहुतेक वेळा मांजरांचा फ्लू असतो. त्याचे विषाणू मांजरांचे, आपल्याला होत नाहीत, पण पिल्लाला मारू शकतात. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. तोंडात फोड आले तर आणखीच खात नाही. कोमट पाण्याच्या कापसाने डोळे हलके पुसा. पण कपाटात राहिलेले मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घालू नका! (आमच्या वयाच्या प्रत्येक घरात ती बाटली असतेच.) त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. पिल्लाच्या बुबुळाला जखम असली तर त्याने डोळाच जायचा.

पोट मोठं आणि फासळ्या वर, हे खाऊन सुटलेलं पोट नव्हे, ते जंत. आईच्या दुधातूनही येतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांपासूनच डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे औषध घ्यायचं, आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा. पिसवांनाही हसण्यावारी नेऊ नका. गुलाबी हिरड्या पांढुरक्या पडल्या तर पिसवांनी रक्त प्यायलंय. बारीक फणीने केस विंचरा, पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा, लालसर डाग उमटला की समजा. अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते मात्र नातवंडांनाही होतं. अशा वेळी पिल्लाला बाहेर फेकायचं नसतं, औषध लावायचं असतं.

आता भाचीच्या पिल्लांकडे येते. मी तिला उलटा फोन केला आणि कैऱ्या बाजूला ठेवून नीट विचारलं. पिल्लं सहा आठवड्यांची, खेळती. एके दिवशी मलूल झाली. उलट्या, मग जुलाब. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसायची, पण प्यायची नाहीत. दोन दिवसांत तीन संपली. आणि मागच्या वर्षीही असंच झालं होतं. यावर तिच्या सासूबाईंचं मत ठाम होतं, "आमच्या घराले मांजर लाभत नाही."

लाभत नाही! हे वाक्य मी अमरावतीत ऐकलंय, अकोल्यात ऐकलंय, दर्यापुरातही ऐकलंय. आणि ऐकून फार संताप येतो, कारण ते जवळजवळ खरं आहे. पॅनल्यूकोपेनिया नावाचा एक रोग आहे. कुत्र्यांचा पार्वो बऱ्याच जणांना माहीत असतो, त्याचाच हा जवळचा भाऊबंद. याचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतो, आतड्यांचं अस्तर सोलून काढतो. लस न दिलेली पिल्लं यात पटापट जातात. आणि हा विषाणू फरशीवर, गोणपाटात, खोक्यात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. नेहमीच्या फिनाईलने तो मरत नाही. म्हणजे यंदा पिल्लं मेली, पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यात, त्याच पोत्यावर नवी पिल्लं आली आणि तीही मेली. मग घराला दोष, वास्तूला दोष, मांजरीच्या पायगुणाला दोष. दोष त्या पोत्याला आहे! पोतं जाळा. फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी यांनी पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या. (ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नका, आणि वाळेपर्यंत जनावराला तिकडे फिरकू देऊ नका.) आणि सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू झालं की लस. एकदा देऊन भागत नाही, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एवढं केलं की घराला मांजर लाभतं.

माझ्या भाचीकडे नक्की हेच होतं का, ते तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. पण तपासलं कुणी? तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर पशुवैद्यकांची संस्था आहे. होय, अकोल्यातच, स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. दूरदूरच्या गावांहून लोक गाई-बकऱ्या घेऊन अकोल्याला जातात, आणि आपण अकोल्यात राहून "मांजरीले कोन डॉक्टरकडे नेते" म्हणून हसतो.

दवाखान्यापेक्षा आपल्याला स्वयंपाकघरातला इलाज प्यारा. त्याबद्दल तर मला ओरडूनच सांगायचंय. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी, अगदी पाव तुकडासुद्धा, मांजराला द्यायची नाही. ते औषध मोडण्याची ताकद मांजराच्या यकृतात नाही. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, मांजर मरतं. पिसवांसाठी अंगाला रॉकेल चोळू नका, खोक्यात डांबरगोळ्या टाकू नका. कुत्र्याच्या पिसवांचं परमेथ्रीन असलेलं औषध मांजराला लावू नका, ते त्याला विष आहे. आणि पिल्लं रांगतात ती फरशी फिनाईलने पुसू नका. त्यांचे पंजे त्यात बुडतात, ते पंजे ती चाटतात, आणि तेही मांजराच्या शरीराला नीट बाहेर टाकता येत नाही. आपण स्वच्छतेसाठी करतो आणि पिल्लू मरतं. मग काय? 'अशीच जातात.'

आता आमच्या मंडळींचे ठरलेले आक्षेप. ते फोनवर येणार हे मला माहीत आहे, तेव्हा उत्तरं आधीच लिहून ठेवते.

पहिला, "निसर्गाचा नियमच आहे, दुबळी जातात." कूलर निसर्गाचा आहे का? फिनाईल? ड्रॉपर? ज्वारीच्या कणगीला आणि कापसाच्या कोठीला उंदीर लागतात म्हणून आपल्या वाडवडिलांनी मांजर घरात येऊ दिलं. तेव्हा निसर्ग आठवला नाही. काम संपल्यावर आठवला.

दुसरा आक्षेप जड आहे. "ताई, ह्या वऱ्हाडात शेतकरी फास लावून घेतात, माणसाला वेळेवर दवाखाना मिळत नाही, आणि तुम्ही मांजरीचं काय घेऊन बसल्या?" याला मी हसून उत्तर देणार नाही. ज्या घरात रोजीचे पैसे पोटाला पुरत नाहीत, त्या घराला मी पिल्लाच्या लसीवरून एक शब्द बोलणार नाही. पण माझा वाद त्यांच्याशी नाहीच. माझा वाद आपल्याशी आहे, पेन्शनवाल्यांशी, कूलरवाल्यांशी. आणि वर सांगितलेल्यातलं निम्मं फुकट आहे. खोकं कूलरसमोरून हलवायला पैसे लागत नाहीत. काट्यावर ठेवायला लागत नाहीत. हिरडी बघायला लागत नाहीत. शिवाय जो माणूस "अशीच जातात" म्हणायला मांजरीवर शिकतो, तो पुढे तिथेच थांबेल याची मला खात्री वाटत नाही. "बाळंतपणात बाया जायच्याच," असं आपल्याच आज्या-पणज्यांबद्दल म्हणत होते. कुणीतरी 'काहून' विचारलं म्हणून ते कमी झालं.

तिसरा, "सरकार काय करतं?" सरकारचं सांगते. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, गाढव, उंट, कुत्रा, ससा आहे, अगदी हत्तीसुद्धा आहे. मांजर नाही. घरोघरी उठता-बसता पायांत येणारं जनावर गणतीत नाही! जे मोजलं जात नाही ते मेलं तरी कमी होत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे राहिले यात चूक नाही, शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे. पण सरकारने मोजलं नाही म्हणून आपणही मोजायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. शेंडगावला जन्मले, १९५६ साली वलगावजवळ गेले. त्यांच्या दशसूत्रीची पाटी आपण शाळांच्या भिंतींवर रंगवतो. त्यात मुक्या प्राण्यांना अभय द्यायला सांगितलंय, आणि त्याच यादीत रोग्यांना औषधोपचारही आहे. आपण अभयाचा अर्थ एवढाच घेतला की काठीने मारायचं नाही. पण पू आलेला डोळा चार दिवस नुसता बघत बसणं हे कुठलं अभय? मी ते केलंय, म्हणून विचारते.

एक गोष्ट राहिलीच. हे वाचून कुणी रस्त्यावरची पिल्लं उचलून आणायला धावू नका. आई दोन-चार तास शिकारीला गेलेली असते. लांबून बघा, वाट बघा, मगच हात लावा. पिल्लू चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. आणि पिल्लं मरू नयेत असं खरंच वाटत असेल तर आईची नसबंदी करा. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत वितेे. मनीची आम्ही केली. तिची आणि आमची, दोघांचीही झोप सुधारली.

असो. फार बोलले. सवय जात नाही.

भाचीच्या चौथ्या पिल्लाला काल ती डॉक्टरांकडे घेऊन गेली. सलाईन लावलंय. वाचेल की नाही, आज सांगता येत नाही. पण रात्री तिचा मोबाइलवर निरोप आला, "आत्या, ४१० ग्रॅम." आज सकाळी दुसरा, "४१५." खाली सासूबाईंचा म्हणून एक प्रश्न होता, "पोतं जाळाचं का धुवाचं?"

जाळा म्हटलं.

आणि वरची ती पोरगी आता पहिलीत गेलीय. काल तिला मी गच्चीवर बसवून वर्षभर उशिरा का होईना, उत्तर दिलं. ते पिल्लू गारठलं होतं, आणि मी त्याला चुकीचं धरून दूध पाजलं, म्हणून मेलं. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग आता तुले माहीत हाय ना?"

हो बाई. आता माहीत आहे. तुम्हालाही सांगून ठेवलंय, तेव्हा पुढच्या वेळी मला फोनवर "अशीच जातात" ऐकवू नका. कारण द्या.